तळणाच्या तेलाचं बायोडिझेल आणि निफाडची थंडी

नाशकातल्या भजी-फरसाणाच्या कढयांतून निघणारं जळकं तेल बरंचसं पामतेल असतं. त्याचं बायोडिझेल जुन्या ट्रॅक्टरला उन्हाळ्यात छान चालतं. गोची होते डिसेंबर-जानेवारीत. सोयाबीनचं बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ होतं, पामचं मात्र १३ ते १६ अंशांनाच. निफाडकडे पहाटे पारा कधीकधी ५ च्याही खाली उतरतो आणि दव पडलेल्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर घेऊन निघायची वेळ नेमकी तीच. इंजिन सुरू होतं, दोन-चार मिनिटांनी रेस दिली की गुदमरतं आणि बंद पडतं. पंप खोलू नका. फिल्टरच्या कागदावर थिजलेल्या तुपासारखा थर बसलेला असतो. स्टार्टर मारत राहिलात तर बॅटरीही बसेल. फिल्टरच्या भांड्यावर बाहेरून कोमट पाणी ओता, थर विरघळतो.

पण दरवेळी थंडीलाच बोल लावू नये, अर्धवट बनलेलं इंधनही असाच त्रास देतं. म्हणून ते नीट बनवा. तेल गाळून ११० अंशांपर्यंत तापवा, चुरचुर पूर्ण थांबली पाहिजे. पाणी राहिलं तर हाती साबण येतो. मग आम्लता मोजा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवा. १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिली तेल आणि चिमूटभर हळद घालून त्यात ते द्रावण थेंब थेंब सोडा. हळदीचा कुंकवासारखा रंग १५ सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक पोटॅश दर लिटर तेलामागे जादा, मूळ ७ ग्रॅमवर. म्हणजे ३ मिली लागले तर १० ग्रॅम. कॉस्टिक सोडाही चालतो (त्याचं प्रमाण वेगळं), पण त्याचं ग्लिसरीन थंडीत गुळाच्या ढेपेसारखं घट्ट होतं आणि तोटी तुंबते.

लिटरमागे २२० मिली मेथेनॉलमध्ये तेवढं कॉस्टिक पोटॅश विरघळवून ते ५५ अंशांच्या तेलात घाला आणि तासभर ढवळा. ६५ अंशांजवळ मेथेनॉल उकळतं, म्हणून भांडं बंद हवं आणि जवळपास ज्योत नको. मेथेनॉल विषारी आहे, त्याची वाफही. काम उघड्यावरच करा. रात्रभर ठेवून खालचं काळपट ग्लिसरीन काढा. नंतर २७ मिली मेथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल हलवून बघा. तळाशी तेलाचा थेंब उरला तर प्रक्रिया अपुरी, पुन्हा करा. शेवटी पाण्याने धुवा आणि आरपार वर्तमानपत्र वाचता येईल इतकं वाळवा.

थंडीसाठी मिश्रण ठरवायला फ्रिज पुरतो. डिझेलमध्ये १०, २० आणि ३० टक्के बायोडिझेल मिसळलेल्या तीन बाटल्या रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी जी गढूळ, ते प्रमाण बाद. बायोडिझेल जड असतं, त्यामुळे टाकीत आधी डिझेल, वरून बायोडिझेल. उलट केलंत तर ते तळाशी बसतं आणि पहाटे इंजिनात पहिलं तेच जातं.

बीएस-६ गाडीत हा उद्योग करू नका. जुन्या ट्रॅक्टरलाही साध्या रबरी नळ्या फुगतात, त्याऐवजी व्हिटॉनच्या (बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराच्या) बसवा. शिवाय बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला एक जादा फिल्टर टूलबॉक्समध्ये असू द्या.