तुम्ही विचारलेत म्हणून : लंडन ब्रिजच्या पायात खरोखर कोणाला गाडले होते का?

मी इंग्रजी शिकवते आणि इंग्रजी बडबडगीतांच्या इतिहासात मला रस आहे, हे कळल्यावर पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात. त्यांचे मूल बालवर्गातून ‘लंडन ब्रिज इज फॉलिंग डाउन’ शिकून आलेले असते, घरभर ते गात असते, आणि त्याच सुमारास कोणीतरी त्यांना असे सांगितलेले असते की हे गाणे वाटते तितके निरागस नाही. पूल टिकावा म्हणून त्याच्या पायात लहान मुलांना जिवंत गाडले होते आणि त्याचीच आठवण या गाण्यात दडलेली आहे. मग पालक विचारतात की हे खरे आहे का, आणि खरे असेल तर असले गाणे मुलांना शिकवावे का.

लंडनच्या कोणत्याही पुलासाठी बळी दिल्याचा पुरावा नाही. ती कल्पना पुलाइतकी जुनी नसून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका विदुषीने गाण्याच्या एका कडव्यावरून केलेला तो तर्क आहे. पूल मात्र अनेकदा पडला. आणि एक माणूस त्या पुलात खरोखर पुरलेला होता, पण त्याची हकिगत अगदी निराळी आहे.

आपल्याकडे या गाण्याचे बहुधा पहिलेच कडवे म्हटले जाते, त्यामुळे गाणे पडझडीचे आहे असा समज होतो. पूर्ण गाणे म्हणजे डागडुजीबद्दलचा एक लांबलचक वाद आहे. पूल पडतो आहे, तर तो लाकूड आणि चिखल वापरून बांधा; पण ते वाहून जाईल. विटा आणि चुना वापरा. ते टिकणार नाही. लोखंड आणि पोलाद वापरा, ते वाकेल. सोने-चांदी वापरा, ते चोरीला जाईल. मग रात्री पहाऱ्याला माणूस बसवा; पण त्याला झोप लागली तर? त्याला रात्रभर ओढायला चिलीम द्या. कोणताही उपाय सुचवला की त्यातली खोट लगेच दाखवली जाते, आणि बहुतेक आवृत्त्यांत शेवटी हा वाद चिलमीपाशी येऊन थांबतो. नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त कोणी चालीवर म्हणावे तसा हा मजकूर आहे.

गाण्याचे शब्द छापील स्वरूपात सापडतात ते 1744 च्या सुमारास लंडनमध्ये निघालेल्या ‘टॉमी थम्स प्रिटी साँग बुक’ या मुलांच्या चिमुकल्या पुस्तकात. त्यात पूल ‘पडतो आहे’ असे नसून ‘मोडला आहे’ असे आहे, आणि पालुपदात ‘माय फेअर लेडी’च्या जागी ‘लेडी ली’ आहे. त्याआधी 1725 मध्ये हेन्री कॅरी या कवीने एका समकालीन कवीची टर उडवताना हे शब्द वापरले होते. वाचकांना ते पोरांच्या तोंडचे म्हणून ओळखता येतील, हे त्याने गृहीत धरले होते. त्याहून मागे, 1659 मध्ये छापलेल्या एका प्रहसनातील गवळण सांगते की तरुणपणी, व्हिटसनच्या सणाला, ती ‘लंडन ब्रिजची बांधणी’ नाचली होती. मला हा उल्लेख फार मोलाचा वाटतो. सर्वांत जुन्या खुणेतही हा नाच पूल पडण्याचा नव्हे, तर तो बांधण्याचा आहे.

आता त्या पुलाविषयी. थेम्स नदीवर त्या जागेच्या आसपास रोमनांनी इसवी सन 50 च्या सुमारास पहिला पूल बांधला, आणि त्यानंतर पूल बांधणे, मोडणे, पुन्हा बांधणे हे चक्र शतकानुशतके चालू राहिले. 1091 मध्ये वावटळीने लाकडी पूल उद्ध्वस्त केला. 1136 मध्ये तो आगीत सापडला. अखेरीस पीटर ऑफ कोलचर्च या धर्मगुरूच्या देखरेखीखाली 1176 मध्ये दगडी पुलाचे काम सुरू झाले आणि ते 1209 मध्ये, राजा जॉनच्या कारकिर्दीत, पूर्ण झाले. या पुलाने लंडनची सहाशेहून अधिक वर्षे सेवा केली, आणि गाणे ज्यांनी रचले व गाइले त्यांच्या डोळ्यांसमोर हाच पूल होता.

हा पूल म्हणजे नदीवर बसवलेली एक पेठच होती. दोन्ही बाजूंना दुकाने आणि घरे होती. 1358 च्या नोंदीत अशा 138 जागा आहेत. मध्यावर संत टॉमस बेकेटचे प्रार्थनामंदिर होते. दक्षिणेकडच्या दरवाजावर देहदंड दिलेल्यांची मुंडकी खांबांवर टांगत. 1305 मध्ये स्कॉटिश बंडाचा नेता विल्यम वॉलेसचे आणि 1535 मध्ये विचारवंत सर टॉमस मोरचे मस्तक तिथे लावले गेले. घरांच्या मधून जाणारा रस्ता जेमतेम 12 फुटांचा होता आणि त्यावर गाड्यांची इतकी कोंडी होई की 1722 मध्ये लॉर्ड मेयरने शहरात येणाऱ्या गाड्यांनी पश्चिमेची आणि बाहेर जाणाऱ्यांनी पूर्वेची बाजू धरावी, असा हुकूम काढला. म्हणजे प्रत्येकाने आपल्या डावीकडून जावे. ब्रिटनमधील डावीकडून चालण्याच्या नियमाच्या आरंभीच्या खुणांपैकी ही एक आहे, आणि तो नियम पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आला.

पूल सतत दुरुस्तीला का येई, याचे कारण त्याच्या रचनेतच होते. नदीत एकोणीस रुंद खांब होते. त्यांचे तळ खचू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती ओंडके ठोकून, आत दगडगोटे भरून, होडीच्या आकाराची संरक्षक बेटे केलेली होती, आणि ही बेटे झिजली की त्यांत आणखी भर घालून ती वाढवत नेत. त्यामुळे नदीचे पात्र जवळजवळ बांधाने अडवल्यासारखे होई, ओहोटीच्या वेळी पुलाच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत काही फुटांचा फरक पडे आणि कमानींखालून पाणी धबधब्यासारखे कोसळे. हा पूल शहाण्यांनी वरून आणि मूर्खांनी खालून जाण्यासाठी बांधला आहे, असे लंडनकर म्हणत, ते उगीच नव्हे; खालून होडी नेताना माणसे बुडत असत. वेगाचे हे पाणी पुन्हा तळच खरवडून काढी. खांब वाचवण्याचा उपायच खांबांच्या मुळावर येई, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा तेच काम केले जाई. गाण्यातील वादाची रीत याहून वेगळी नाही.

यात भर पडली ती पैशाच्या हेळसांडीची. पुलावरील जकात, घरांची भाडी आणि भाविकांनी ‘देवासाठी आणि पुलासाठी’ ठेवलेल्या देणग्या यांतून दुरुस्तीचा खर्च चाले. राजा तिसरा हेन्री याने 1269 च्या सुमारास हे उत्पन्न आपली राणी एलिनॉर ऑफ प्रोव्हान्स हिच्या हाती दिले. तिने ते दुसरीकडे वळवले आणि पुलाकडे दुर्लक्ष केले, अशी नागरिकांची तक्रार होती. 1281-82 च्या कडक हिवाळ्यात गोठलेल्या नदीच्या बर्फाच्या दाबाने पाच कमानी कोसळल्या. पुढे 1437 मध्ये दक्षिणेकडचा दगडी दरवाजा आपल्याबरोबर कमानी घेऊन पडला. 1633 च्या आगीत उत्तरेकडची घरे जळाली आणि तिथे मोकळी जागा राहिली. त्या मोकळ्या जागेमुळेच 1666 च्या महाआगीचा वणवा पुलावर फार पुढे सरकू शकला नाही.

गाण्यातील ‘लेडी’ म्हणजे ही राणी एलिनॉरच, असे पुष्कळ ठिकाणी ठामपणे सांगितलेले आढळेल. गोष्ट आकर्षक आहे, परंतु तिच्या काळाच्या आणि गाण्याच्या पहिल्या छापील खुणेच्या मध्ये जवळजवळ चार शतके रिकामी आहेत. कोणी पहिल्या हेन्रीची राणी माटिल्डा हिचे नाव पुढे करतात, कोणी वॉरिकशरमधील ली घराण्याचे, तर कोणी ली नावाच्या नदीचे. मला यांपैकी एकही पटत नाही. पालुपदांमध्ये स्त्रीला साद घालण्याची पद्धत इंग्रजी लोकगीतांत इतकी रुळलेली आहे की त्यासाठी खरी राणी शोधण्याची गरज नाही.

दुसरी एक कथा नॉर्वेच्या ओलाफची. इंग्रज राजा एथेलरेडला साहाय्य करताना त्याने 1014 मध्ये पुलाच्या खांबांना दोर बांधून, जहाजे वल्हवून पूलच ओढून पाडला, असे तेराव्या शतकातील आइसलँडिक ‘हाइम्सक्रिंगला’ सांगते. त्या ग्रंथाच्या 1844 मधील इंग्रजी भाषांतरात ‘लंडन ब्रिज इज ब्रोकन डाउन’ अशी अक्षरशः ओळ आहे, आणि ती पाहून अनेकांना गाण्याचे मूळ सापडल्याचा आनंद झाला. मूळ नॉर्स कवितेत तशी ओळच नाही. भाषांतरकार सॅम्युएल लेंग याने स्वतः लहानपणापासून ऐकलेले बडबडगीत तिथे बसवले होते. गाण्याचा पुरावा म्हणून जे दाखवले जाते ते गाण्याचेच पडसाद आहेत.

बळीच्या गोष्टीचा उगम ॲलिस बर्था गोम यांच्या लेखनात आहे. त्या आणि त्यांचे पती लॉरेन्स गोम हे लंडनच्या फोकलोअर सोसायटीच्या आरंभकाळातले अभ्यासक. ॲलिसबाईंनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील मुलांचे खेळ चिकाटीने गोळा करून त्यांचा दोन खंडांचा कोश सिद्ध केला, त्याचा पहिला खंड 1894 मध्ये निघाला. त्या काळी असा विचार प्रबळ होता की मुलांचे खेळ म्हणजे मोठ्यांनी टाकून दिलेल्या प्राचीन विधींचे अवशेष असतात. त्या दृष्टीने ॲलिसबाईंनी पहारेकऱ्याच्या कडव्याकडे पाहिले. पूल कशानेच टिकत नाही, आणि शेवटी तिथे एक माणूस ‘बसवला’ जातो. हा पायात पुरलेला रक्षक तर नव्हे? शिवाय खेळात दोन मुले हात उंच धरून कमान करतात, बाकीची खालून जातात आणि गाणे संपताच कमान खाली येऊन एकाला पकडते. पकडलेले मूल म्हणजे बळी, असे त्यांना वाटले.

ही कल्पना निराधार वाटू नये इतपत साहित्य जगभर आहे, हे मान्य केले पाहिजे. बाल्कन प्रदेशात पूल किंवा किल्ला उभा राहावा म्हणून गवंड्याच्या बायकोला भिंतीत चिणल्याची लोकगीते आहेत. आपल्याकडे पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथाही तशीच आहे. बुरूज ढासळत राहिला म्हणून त्याच्या पायात एका जोडप्याला पुरले, असे सांगतात. परंतु अशा कथा आपली गोष्ट उघड सांगतात. बळीचे नाते, त्याचा आक्रोश, बांधणाऱ्याचे स्वप्न, सगळे त्यांत असते. लंडनच्या गाण्यात यांतले काहीही नाही. तिथला पहारेकरी सोने-चांदी चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला आहे, आणि त्याची एकमेव अडचण झोप ही आहे. पुरलेल्या माणसाला चिलीम देण्याचे कारण नाही.

खेळातील कमानीचेही तसेच आहे. जर्मनीत मुले हाच खेळ ‘सोन्याचा पूल’ म्हणून खेळतात, आणि पकडलेल्या मुलाला देवदूत की सैतान यांतली बाजू निवडावी लागते. उत्तर भारतातील ‘पोशम पा’ मध्ये कमानीत सापडलेला चोर तुरुंगात जातो. इंग्लंडमध्येही पकडलेल्याला कैदी म्हणत, दोन गट पडत आणि शेवटी रस्सीखेच होई. हात उंच धरून कमान करणे आणि अचानक खाली आणणे यात मुलांना जी गंमत वाटते तिला नरबळीची आठवण लागत नाही. बडबडगीतांचे थोर संग्राहक आयोना आणि पीटर ओपी यांनी मात्र 1951 च्या आपल्या कोशात, एरवी असल्या तर्कांना थारा न देताही, या गाण्यापुरती बळीची शक्यता गंभीरपणे मांडली, आणि तिचा आजचा दबदबा बराचसा त्यामुळे आहे. एवढ्या जाणकारांशी मतभेद व्यक्त करताना संकोच वाटतो, तरीही मला त्यांचा मुद्दा पटत नाही.

आता पुलात पुरलेला तो माणूस. पीटर ऑफ कोलचर्च आपला पूल पुरा झालेला पाहू शकला नाही. काम संपण्याच्या चार वर्षे आधी, 1205 मध्ये, तो वारला. त्याला पुलावरच्या प्रार्थनामंदिरात पुरण्यात आले. बळी म्हणून नव्हे, तर ज्याने तो बांधला त्याचा मान म्हणून. ही नोंदलेली गोष्ट कोणी पसरवत नाही, कारण तिने कोणाच्या अंगावर शहारा येत नाही. ‘रिंगा रिंगा रोझेस’ प्लेगबद्दल आहे, ही समजूतही अशीच शहाऱ्याच्या बळावर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पसरली, आणि ओपी दांपत्याने तिला विरोध करूनही ती टिकून आहे.

पीटरचा पूल 1831 मध्ये शेजारी नवा पूल उघडल्यावर पाडण्यात आला. तो नवा पूलही आपल्याच वजनाने हळूहळू नदीत रुतू लागला, तेव्हा लंडन शहराने 1968 मध्ये तो 24 लाख 60 हजार डॉलरना रॉबर्ट मकलक या अमेरिकी उद्योजकाला विकला, आणि त्याचे दर्शनी दगड आज ॲरिझोनातील लेक हवासू सिटी येथील पुलावर आहेत. सध्याचा पूल 1973 चा आहे. त्याची निगा राखणारी संस्था अजूनही तेराव्या शतकातील पूलनिधीच्या परंपरेतलीच आहे. आज ती थेम्सवरील पाच पूल सांभाळते आणि उरलेल्या उत्पन्नातून लंडनमधील धर्मादाय कामांना पैसे देते.

तेव्हा गाणे मुलांना अवश्य शिकवा, फक्त पहिल्या कडव्यावर थांबू नका. एका बाजूच्या मुलांनी उपाय सुचवायचा आणि दुसऱ्या बाजूने त्यातली खोट काढायची, असे म्हणायला लावले तर ती स्वतःचे उपायही घालू लागतात. चिलमीचे कडवे शाळेला चालणार नसेल, तर पहारेकऱ्याला चहा द्यावा.