तुम्ही विचारलंत म्हणून: एएमसीचं बांधील काम कसं मिळवायचं

‘कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स झालाय, हात बसलाय, सुटे कॉलही येतात, पण वर्षाचं बांधील आणि वेळेवर पैसे देणारं काम कुठं मिळेल?’ सांगली, मिरज, कुपवाडातली पोरं हे सारखं विचारतात. असं काम म्हणजे एएमसी, वर्षभराच्या देखभालीचा करार. माझं उत्तर एकच: मशीन बंद पडलं की ज्याचा धंदाच थांबतो, त्याच्याकडे जा. पतसंस्था, मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब, एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. घरगुती लॅपटॉपवाला एएमसी करत नाही, त्याच्या मागे लागू नका.

वजनकाट्याचंच बघा. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरीयल केबल निघते आणि यूएसबी कन्व्हर्टरमधून कॉम्प्युटरला जाते. कुणीतरी झाडताना कन्व्हर्टर काढतो, परत दुसऱ्याच यूएसबीत लावतो, कॉम पोर्टचा (काटा ज्या नावानं कॉम्प्युटरला दिसतो त्याचा) नंबर बदलतो आणि सॉफ्टवेअर वजन घेईनासं होतं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना नंबर परत दिला की पाच मिनिटांत काम सुरू. पोर्टवर चिकटपट्टी लावून ‘इथेच लावा’ असं लिहून ठेवणारा माणूस त्या गिऱ्हाइकाला वर्षभर हवा असतो. इंडिकेटर मात्र उघडायचा नाही. त्यावर वैधमापन खात्याचं सील असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मशीन पाहिल्याशिवाय दर सांगायचा नाही. बहुतेकांची एएमसी तोट्यात जाते ती इथंच. अर्धा दिवस मागून घ्या, प्रत्येक कॅबिनेट उघडा. यार्डातल्या मशीनमध्ये प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर हळदीची पूड आणि पोत्याचे तंतू बसून पिवळा थर झालेला असतो. त्यामुळेच प्रोसेसर तापून मशीन दुपारी आपोआप बंद होतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर आहेत का, सीआर २०३२ बॅटरी ३ व्होल्टच्या जवळ आहे का, हार्ड डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्ट रिपोर्ट काय म्हणतो, हे मशीनवार लिहा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा. ते २-३ व्होल्टच्या आत हवं. २०-३० दिसलं तर अर्थिंग गेलेलं आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, प्रिंटरचे पोर्ट आणि लॅन कार्ड जातात, आणि दोष तुमच्या माथी येतो. आधी वायरमनकडून दुरुस्ती, मग करार. यूपीएसचा प्लग काढून बघा. मिनिटभरात मान टाकली तर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी संपलेली आहे.

विंडोज १० वर किती मशीन आहेत तेही मोजा. मायक्रोसॉफ्टचा त्यासाठीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृत यादीत बसत नाहीत. हे आधी लिहून दिलं नाही, तर पुढं ‘एएमसी तुमची, मग तुम्हीच करा’ असं ऐकावं लागतं.

दराचं गणित तासांवर मांडा. समजा १२ मशीन आहेत. वर्षातून चार वेळा साफसफाई, मशीनमागे ४० मिनिटं, म्हणजे ३२ तास. मशीनमागे वर्षाला दोन बिघाडाचे कॉल, येण्या-जाण्यासकट दीड तास, म्हणजे ३६ तास. एकूण ६८. तुमचा तास ३०० रुपयांचा धरला तर २०,४००. वर १५ टक्के धरले की साधारण २३,५००. मशीनमागे १,९५० च्या आसपास. शेजारचा १,००० ला घेत असेल तर घेऊ द्या. तो साफसफाईला येणार नाही, आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक तुम्हालाच बोलावेल. सुरुवातीला लेबरचीच एएमसी घ्या. पार्टसकट घ्यायची हौस नको. एक मदरबोर्ड चार मशीनची कमाई खातो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं हेड, रिबन, टोनर, बॅटरी, अडॅप्टर हे सगळं कराराच्या बाहेर.

करार एका पानाचा पुरे, पण त्यात मशीनचे सिरीयल नंबर, किती तासांत येणार, आणि बॅकअप कुणी घ्यायचा हे हवंच. टॅलीचा डेटा रोज दुसऱ्या डिस्कवर घेणं गिऱ्हाइकाचं, महिन्यातून एकदा तो बॅकअप उघडून बघणं तुमचं. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. सांगलीत पुराचं कलम विसरू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गणपती पेठेसारख्या भागात ‘पाणी ४० फुटांवर गेलं की मशीन वरच्या मजल्यावर, हलवण्याची मजुरी वेगळी’ असं स्पष्ट लिहा. भिजलेलं मशीन तपासण्यासाठीसुद्धा चालू करायचं नाही, हेही त्यातच.

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा; ती फुकट असते. लेखी करार असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल मिळालं पाहिजे. करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम नंबर छापा. रक्कम तिमाहीला आगाऊ मागा. टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) कापू शकतात, म्हणून पॅन द्या. नसेल तर कपात थेट २० टक्क्यांवर जाते. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटी लावता येत नाही.

मोठ्या कंपन्यांचे फिल्ड कॉलही मिळतात, दर कॉलमागे पैसे. तिथं कॉल स्लिपवर सही, जुन्या आणि नव्या पार्टचा सिरीयल नंबर आणि फोटो नसेल तर पैसे अडकतात. ‘काम देतो, आधी डिपॉझिट भरा’ असं म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवून द्या.

आणि मार्चमध्ये कुणाच्याही दारात जाऊ नका. पतसंस्थेत वर्षअखेर असते, यार्डात हळदीची आवक जोरात असते. तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. मार्चमधले बिघाड आठवणीत ताजे असतात तोवर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जा.