झोअर: कर्जाने एक केलेलं गाव

१९ एप्रिल

१८१९ साली याच तारखेला अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या झोअर गावच्या जर्मन कुटुंबांनी सह्या करून आपापली मालमत्ता एकत्र केली. गाव धर्मापायी वसलं हे खरंच. पण सामायिक मालकी धर्माने सांगितली नव्हती, ती कर्जाने करायला लावली. झोअरबद्दल बोलताना हे आधी सांगायला हवं असं मला वाटतं.

ही माणसं जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गची, सरकारी चर्चपासून फुटलेल्या सेपरेटिस्ट पंथाची. सरकारी लुथरन चर्चचा बाप्तिस्मा नको, लष्करात जायचं नाही, अधिकाऱ्यापुढे टोपी काढायची नाही. त्यासाठी दंड आणि तुरुंग सोसून १८१७ मध्ये सुमारे ३०० जण फिलाडेल्फियाला उतरले. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी त्यांना आधार दिला. मग पुढारी जोसेफ बिमेलर यांच्या नावाने टस्करावास नदीकाठी सुमारे ५,५०० एकर जमीन उधारीवर घेतली. गावाला नाव दिलं बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या सोअरचं, लोट जीव वाचवायला जिथे पळाला त्या लहानशा नगराचं.

आधी ठरलं होतं की ज्याने त्याने आपली शेती करावी, आपला हप्ता फेडावा. ते जमेना. म्हाताऱ्याकोताऱ्यांना जंगल तोडणं झेपत नव्हतं, रोकड कुणाकडेच नव्हती आणि धडधाकट माणसं पोटासाठी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जात होती. गाव पांगायच्या बेतात आलं, तेव्हा सगळ्यांचं कोठार एक झालं.

हात कालव्याने दिला. ओहायो-ईरी कालवा त्यांच्याच जमिनीतून जायचा होता, म्हणून त्या पट्ट्याच्या खोदाईचं कंत्राट त्यांनीच घेतलं. वर ४० फूट रुंद, तळाशी २६ फूट आणि पाणी ४ फूट खोल. काठ असे उतरते ठेवावे लागतात, सरळ खोदले तर माती पाण्यात ढासळते. बायकाही या कामावर राबल्या. मिळालेले २१,००० डॉलर कर्जाच्या फेडीला लागले.

कर्ज फिटलं, तरी गाव एकत्रच राहिलं. का, ते गावच्या मधोमध असलेल्या बागेत दिसतं. मध्यभागी ख्रिस्ताच्या जागी एक स्प्रूसचं झाड, भोवती त्याच्या १२ प्रेषितांची १२ जुनिपरची झाडं, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पायवाटा. कुठल्याही कडेने आत शिरा, वाट त्या झाडापाशीच नेते.

१८५३ मध्ये बिमेलर गेले. पुढे बाहेरचा स्वस्त कारखानी माल गावच्या मालाला भारी पडू लागला आणि तरुणांना आपल्या नावावर काहीतरी हवंसं वाटू लागलं. १८९८ मध्ये वाटण्या झाल्या.