रायगडावरचं नाण्याचं कलम

१६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता, हे आपण शाळेत शिकलो. पण तहाच्या मसुद्यात त्याने काय काय मागितलं, ते कोणी शिकवलं नाही. त्यात एक कलम असं होतं: मुंबईत पाडलेलं आमचं नाणं तुमच्या मुलखात चालू द्यावं. दोनच वर्षांपूर्वी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर ऑन्जिअर याने तिथे टांकसाळ घातली होती. चांदीचं अँग्लिना, तांब्याचं कॉपरून आणि कथलाचं टिनी. नाणी झाली, पण बेटाबाहेर ती घेणार कोण?

महाराजांचं उत्तर सोनाराच्या घरात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या बाईला फार भावतं. कुठलं नाणं चालवा अशी सक्ती करायची त्यांना गरज वाटली नाही. ज्यात रयतेला खोट बसेल असं नाणं ते तिच्या गळ्यात मारणार नव्हते. मात्र मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकंच ते कसाचं आणि वजनाचं असेल, तर मनाई नाही. म्हणजे काट्यावर घाला, टंच म्हणजे शुद्धता काढा, उतरलं तर चालवा. आमच्या पेढीवर सासरे हेच सांगायचे, फक्त इतक्या अदबीने नाही.

तिकडे विलायतेत आठव्या हेन्रीने १५४४ नंतर चांदीत एवढं तांबं कालवलं, की काही नाण्यांत चांदी शंभरात तेहेतीसच उरली. नाण्यावरच्या राजाचं नाक झिजून आतलं तांबं दिसायला लागलं. तरी लोकांना ते घ्यावं लागलं, कारण राजा एक आणि शिक्काही त्याचाच. आमच्या किनाऱ्यावर ही चैन कोणाला परवडणार? महाराजांच्या काळी इथे रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज, दक्षिणेला जंजिऱ्यात सिद्दी, डोंगरात रायगड आणि वर मुंबईत इंग्रज. शंभरेक किलोमीटरच्या आत चार धनी. एकाने हिणकस पाडलं की सराफ बट्टा लावून, म्हणजे किंमत कापून, मोकळा, आणि व्यापारी पुढच्या बंदरात.

मला यातली सगळ्यात हुशार वस्तू वाटते ती लारी. एका संग्राहकाकडे हातात घेऊन पाहिली आहे. नाणं म्हणून कोणी ओळखणारच नाही. चांदीची जाड तार, मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, आणि दुमडलेल्या दोन्ही पायांवर ठसा मारून चपटी केलेली. ठसा तारेपेक्षा रुंद, त्यामुळे अक्षरांचे नुसते तुकडे उतरलेले. मुळात ही इराणच्या लार गावची. पण चौल-दाभोळला येणाऱ्या व्यापाऱ्यांना तीच हवी, म्हणून विजापूरच्या अली आदिलशहानेही आपलं नाव घालून लाऱ्या पाडल्या. बादशहाने व्यापाऱ्याच्या आवडीचा घाट उचलला, हे बघा! त्या तारेवर एका जागी छिन्नीचा घाव होता. कुणा सराफाने आत तांबं तर नाही ना, ते कापून बघितलं असणार. कसोटीचा दगड फक्त वरचं सांगतो, छिन्नी पोटातलं सांगते.

शिवाय इथे चांदीच्या खाणी नव्हत्यात जमा. चांदी यायची गलबतांतून, मालाच्या बदल्यात. मोगलांच्या टांकसाळीत कोणीही आपली चांदी नेऊन द्यावी, मजुरी आणि सरकारी हक्क भरावा, रुपये करून घ्यावे. तिथे चांदीत खोट झाली असती तर चांदी घेऊन कोण गेलं असतं? म्हणून मोगली रुपया कसाला पक्का राहिला. तांब्याला ही धास्ती नव्हती. औरंगजेबाने १६६३ च्या सुमारास दाम नावाच्या तांब्याच्या नाण्याचं वजन तिसऱ्या हिश्श्याने उतरवलंच.

तरी शिक्क्यावर नाव कोणाचं, यावरून भांडणं व्हायचीच. १६९० च्या दशकात मुंबईकर इंग्रज आपल्या राजाच्या नावाने रुपये पाडतात म्हणून औरंगजेब खवळला. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान या कामी मुंबईत गेला होता. इंग्रजांचं उत्तर त्याने लिहून ठेवलंय: हिंदुस्तानच्या बादशहाची नाणी वजनाला कमी आणि हिणकस असतात, देवघेवीत तंटे होतात, म्हणून आम्ही आमची पाडली. आठव्या हेन्रीच्या देशातली माणसं हे कोणत्या तोंडाने म्हणाली देव जाणे. पुढे १७१७ पासून मुंबईच्या टांकसाळीत मोगल बादशहा फर्रुखसियरच्या नावाचे रुपये त्याच्याच परवानगीने पडू लागले, कारण बाजारात तेच खपत होते.

आता शिवराईबद्दल, म्हणजे महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याबद्दल. हल्ली मोबाइलवर काहीबाही वाचून लोक देवघरातली शिवराई घेऊन दुकानात येतात. "वहिनी, ह्याचे लाख येतात म्हणे." येत नाहीत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलं म्हणजे ती महाराजांच्याच हयातीतली, असं नसतं. पेशवाईतही त्याच मजकुराने ती पडत राहिली, टांकसाळी मक्त्याने दिल्या जायच्या, आणि मक्तेदार तांबं वाचवायला बसलेला. जुनी चांगली शिवराई काट्यावर अकरा-बारा ग्रॅम भरते. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी बरेचदा नऊच्याही खाली जाते, आणि चकती लहान पडल्याने 'छ' नाहीतर 'ति' बाहेरच राहतो. झीज धरूनही एवढा फरक पडत नाही. आणि एक हात जोडून सांगते, आणायच्या आधी चिंच लावून घासू नका. लखलखीत झालेली शिवराई संग्राहक हातात घेतो आणि तशीच परत ठेवतो.