गोरोची घरं

३ डिसेंबर

'किता नो कुनी कारा' पुन्हा पहिल्यापासून लावली आहे. नावाचा अर्थ 'उत्तरेच्या मुलखातून'. जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर ९ ऑक्टोबर १९८१ ला सुरू झालेली ही मालिका २६ मार्च १९८२ ला २४ भागांत आटोपली होती. मग १९८३, ८४, ८७, ८९, ९२, ९५, ९८ आणि २००२ असे आठ लांबलचक विशेष भाग आले. कलाकार तेच राहिले. सुरुवातीला मुलाचं काम करणारा योशिओका हिदेताका ११ वर्षांचा होता, मुलीचं काम करणारी नाकाजिमा तोमोको १० वर्षांची. शेवटच्या भागात दोघं तिशी ओलांडलेले. मोठेपणी दुसरा नट आणून बसवायची वेळच आली नाही. याचं कौतुक सगळेच करतात, म्हणून ते इथे एवढंच.

या खेपेला माणसं सोडून घरांवर नजर ठेवायची. कुरोइता गोरो नावाचा बाप २१ वर्षं काही ना काही बांधत असतो. घर बदललं की समजावं, या कुटुंबाच्या हातून काहीतरी गेलेलं आहे.

५ डिसेंबर

पहिलं घर. बायको रेइको दुसऱ्या माणसात गुंतली, म्हणून गोरो मुलगा जुन (चौथीतला) आणि मुलगी होतारू (दुसरीतली) यांना घेऊन तोक्योहून जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, आपल्या गावी परततो. नुनोबे स्टेशनवर उतरून रोकुगो गाठायचं. तिथलं घर म्हणजे मोडकळीला आलेली लाकडी झोपडी. वीज नाही, नळ नाही. जुन विचारतो, दिवे नसतील तर रात्री करायचं काय? बाप म्हणतो, रात्री झोपायचं असतं. लोक या उत्तरावर हसतात. मला त्यात हसण्याइतकीच जबरदस्तीही दिसते. शहरात वाढलेल्या मुलांना कुणी विचारलेलंच नाही.

पाण्याची भानगड नीट बघण्यासारखी आहे. आधी मुलं ओढ्यावरून पाणी वाहतात. नंतर गोरो वरच्या अंगाला ओढ्यातून पाइप टाकून उताराने पाणी दारात आणतो. कागदावर सोपं वाटतं, पण होक्काइदोच्या आतल्या भागात हिवाळ्यात जमीन ८० सेंटिमीटर ते १ मीटरपर्यंत गोठते आणि पारा उणे २० च्या खाली सहज जातो. पाइप त्या खोलीच्या खाली पुरला नाही, तर पाणी वाहतं ठेवणं हाच उपाय उरतो. तोटी बंद करून निजलात तर पाइपात साचलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि सांधा फोडतं. शिवाय चढ-उतार नीट काढला नाही तर मध्ये हवा अडकते आणि धार तुटते. म्हणून पहिल्यांदा पाणी पडतं तेव्हा गोरोचा चेहरा परीक्षेचा निकाल लागल्यासारखा होतो. तानाका कुनिए या नटाने तो चेहरा काय दिलाय! ओठ पुढे काढून, अर्धवट हसत, कुणी बघतंय का हे चोरून पाहत.

८ डिसेंबर

घराचा विषय सोडून थोडं. म्हातारा कासामात्सु आपला घोडा विकतो, तो भाग. याच पिढीने घोडे जुंपून झाडांचे बुंधे उपटले आणि शेतं केली. आता ट्रॅक्टर आले, घोडा खाटकाकडे. जाताना घोड्याने खांद्यावर डोकं टेकवलं असं तो दारूच्या धुंदीत सांगतो आणि त्याच रात्री सायकलसकट पुलावरून पडून मरतो. लेखक कुरामोतो सो स्वतः तोक्यो सोडून १९७७ मध्ये इथल्याच फुरानो गावात राहायला आला होता. ओसाड पडलेली घरं, सोडून दिलेली शेतं त्याच्या डोळ्यांसमोर होती. गोरोला राहायला रिकामं घर मिळतं, कारण आधी कुणीतरी ते टाकून गेलेलं असतं. मालिकेचं सगळं बांधकाम या एका गोष्टीवर उभं आहे.

आणि हो, फुरानोला आलेली रेइको परत जाते तेव्हा होतारू स्टेशनवर येत नाही. मग गाडी सोराची नदीच्या काठाने जाताना ती पलीकडून धावत सुटते. एक शब्द नाही, फक्त संगीतकार सादा मासाशीचं ते शब्दांविना गुणगुणणं. या प्रसंगाबद्दल लिहायला घेतलं की शब्द जास्तच होतात, म्हणून थांबते.

११ डिसेंबर

दुसरं घर, ओंडक्यांचं. गोरोच्या आयुष्यातलं हे एकच घर असं की जे त्याने हौसेनं बांधलं. ओंडक्यांच्या घराची मेख खाचेत असते. वरच्या ओंडक्याला खालच्याच्या गोलाईबरहुकूम खाच पाडायची, म्हणजे कोपऱ्यात दोन्ही एकमेकांत बसतात. खाच खालच्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला पाडली तर तिच्यात पाणी साचून लाकूड कुजतं. ओलं लाकूड वापरलं तर वाळताना ते आडवं आक्रसतं आणि अख्खी भिंत काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणून दारं-खिडक्यांच्या चौकटींवर मोकळी फट ठेवायची आणि तिच्यात काहीतरी मऊ कोंबायचं. फट ठेवली नाही तर वर्षाभरात दार उघडत नाही.

हे घर १९८४ च्या विशेष भागात जळतं. कारण अगदी क्षुल्लक. चुलीवर कपडे वाळवायची तार, तिच्यावर ओले कपडे नीट टांगायच्या ऐवजी भिरकावले, ते खाली पडले आणि पेटले. थंड मुलखात चुलीवरची तार घरोघरी असते. कपडे चिमट्यांनी पक्के लावायचे आणि चुलीजवळ कुणी नसताना तिथे काही ठेवायचं नाही, हा नियम प्रत्येकाला पाठ असतो आणि प्रत्येक जण तो मोडतो. चूक जुनची, पण तो गप्प बसतो आणि आळ मित्रावर, शोकिचीवर जातो.

कबुली येते ती रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या दुकानात. दुकान बंद व्हायची वेळ, जुन रडत रडत खरं सांगतोय, आणि वाढणारी बाई वाडगा उचलायला येते. गोरो तिच्यावर ओरडतो: पोरं अजून खातायत ना! जपानमध्ये हे वाक्य आजही विनोदाने म्हणतात. त्या प्रसंगात मात्र विनोद औषधालाही नाही. घर जळाल्याचा राग त्याने मुलावर काढलेला नाही, तो सगळा त्या वाडग्यावर निघतो.

१५ डिसेंबर

तिसरं घर पुन्हा टाकलेलं, डागडुजी केलेलं. १९८७ च्या 'पहिलं प्रेम' भागात जुन बापाच्या वाढदिवसासाठी भंगारातून पवनचक्की बनवतो. वीज करायचा हा खटाटोप कुणी खरंच करायचा म्हटलं तर अडचण पात्यांची नसते, वेगाची असते. गाडीतला अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) मिनिटाला हजारभर फेऱ्यांखाली फारसं काही देत नाही आणि घरगुती पाती शे-दोनशे फेऱ्यांत फिरतात. म्हणून मध्ये पट्टा आणि लहान-मोठ्या पुली लागतात, त्यात जोर वाया जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, म्हणून चार फूट जास्त उंच खांबाला महत्त्व. झाडांच्या आडोशाला चक्की उभी केली तर ती नुसती कुरकुरत राहते. बॅटरी बाहेर ठेवायची नाही. उणे २० अंशांत तिची ताकद निम्म्यावर येते आणि ती उतरलेली असेल तर आतलं आम्लही गोठतं.

जुनने एवढं सगळं केलं आणि त्याच दिवशी तो तोक्योला शिकायला जाणार असल्याचं गोरोला कळतं. सगळ्या गावाला आधी, बापाला शेवटी. गोरो रुसतो. लहान मुलासारखा, वाईट रुसतो. एवढा चांगला बाप एवढा कोता होऊ शकतो, हे दाखवायला लेखकाचं काळीज लागतं.

मग जुनला तोक्योला नेणारा तो ट्रक. ट्रकवाला जुनला पाकीट परत देतो. तोक्योला पोचवायचे म्हणून बापाने दिलेल्या दहा हजार येनच्या दोन नोटा, कोऱ्या करकरीत, पण कडेला चिखलाचे डाग. बापाच्या हाताचा चिखल असणार, आपल्याला हे पैसे घेववत नाहीत, जन्मभर जपून ठेव, असं तो म्हणतो. भाडं न घेता पुढे निघतो. चिखल कुठून आला हे मालिका दाखवत नाही. दाखवायची गरजही नाही. इथवर आपण गोरोला पाच-सहा वर्षं मातीत हात घातलेला पाहिलेला असतो.

२० डिसेंबर

१९९२. आता खरी गोष्ट. तोक्योत जुनकडून एका मुलीला दिवस जातात. गोरो भोपळे घेऊन तिच्या मामाच्या दारात माफी मागायला जातो. मामाचं काम सुगावारा बुंता या नटाने केलंय. तो भोपळ्यांकडे बघून शांतपणे विचारतो, प्रामाणिकपणा म्हणजे काय असतं हो? गोरोला उत्तर देता येत नाही. परत येऊन तो दहा लाख येन उभे करतो. कुठून? नव्या ओंडक्यांच्या घरासाठी जमवलेले ओंडके विकून.

ओंडक्यांचं घर पुन्हा उभारायचा बेत तिथेच संपला. पुढे २००२ पर्यंत गोरो दिसतो तो दगडी घरात. आज पर्यटक ते घर बघून निसर्गाशी जुळवून राहणं वगैरे बोलतात. मला हे पटत नाही. लाकूड पोराच्या चुकीपायी गेलं आणि दगड फुकट होते, म्हणून तो दगडात राहिला.

दगड का फुकट? नांगरताना शेतातून निघतात, शेतकरी ते उचलून कडेला ढीग लावतात. आपल्याकडे माळरानावर बांधाला लावतात तसंच. गोल दगडांची भिंत मात्र वाईट काम. चपट्या दगडाला बैठक असते, गोल दगड घरंगळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी फळ्या लावून मध्ये दगड आणि मसाला भरत वर जायचं. एका दिवसात फार उंच चढलं तर ओला मसाला दाबाने फळ्या फुगवतो. शिवाय पारा ५ अंशांच्या खाली गेला की सिमेंट पकडायला फार वेळ घेतं आणि त्यात पाणी गोठलं तर भिंत आतून भुसभुशीत होते. फुरानोत म्हणजे कामाचे महिने मोजकेच. वर नुसता दगड थंडी आत खेचतो. आतून अस्तर हवंच.

याच भागात गोरो हिवाळ्यात एकटा काम करताना अपघातात सापडतो आणि बर्फात अडकून मरता मरता वाचतो. एकट्याने बांधकाम का करू नये, याचा याहून चांगला धडा नाही.

२४ डिसेंबर

१९९५ मध्ये जुन फुरानोत कचरा गोळा करायच्या नोकरीवर. बाप भंगारातून वस्तू उचलतो, मुलगा त्या टाकलेल्या वस्तू गाडीत भरतो. लेखकाने हे कुठे बोलून दाखवलं नाही, बरं केलं.

१९९८ घाईने पाहिला. गोरोच्या नात्यातल्या सोताचा ट्रॅक्टरखालचा मृत्यू दुसऱ्यांदा बघवत नाही.

२७ डिसेंबर

२००२, 'मृत्युपत्र'. गोरो मुलांच्या मावशीसाठी, युकिकोसाठी, टाकाऊ सामानाचं घर बांधतो. बर्फावर घसरण्याच्या मैदानावरची जुनी गोंडोला (तारेवरून माणसं नेणारी छोटी डबी) भिंतीत बसवून तिची खिडकी केलेली. चारही बाजूंनी काच, म्हणजे उजेड भरपूर आणि थंडीही भरपूर. तिच्याभोवतीचा सांधा नीट बुजवला नाही तर बर्फ वितळताना पाणी तिथूनच आत येणार.

दरम्यान गोरो गावातल्या माजी शिक्षकाकडे मृत्युपत्र कसं लिहितात ते शिकायला जातो. पैसा नाही, नावावर दाखवण्यासारखं काही नाही. शेवटी तो मुलांना लिहितो की पैशाच्या मागे लागू नका, इथला निसर्ग दर वर्षी मरणार नाही इतपत खायला देतो.

नुनोबे स्टेशनासमोर कुरामोतोच्या अक्षरातला फलक आहे, 'उत्तरेचा मुलूख इथून सुरू'. फुरानो ते शिंतोकु हा रेल्वेमार्ग १ एप्रिल २०२४ ला बंद झाला. नुनोबे त्याच टप्प्यात होतं.