गवताळ रानाला पाणी नको

गुरुवार, रात्री

उसाच्या पट्ट्यातला माणूस 'सिव्हिलायझेशन 2' हा राज्य वसवायचा संगणकावरचा खेळ खेळायला बसला की पहिला मोह पाटाचा. हिरवं रान दिसलं की सेटलर (शहर वसवणारा, रस्ते-पाट काढणारा गडी) तिथं उभा करायचा आणि पाणी फिरवायचं. भोगावतीच्या काठाला हे शहाणपण चालतं. खेळाच्या सुरुवातीला मात्र ती मेहनत फुकट जाते. का, ते एकदा आकड्यांत मांडून ठेवतो.

ख्रिस्तपूर्व 4000 ला खेळ सुरू होतो तेव्हा राज्यपद्धत डेस्पॉटिझम (हुकूमशाही) असते. तिचा नियम असा, की एखाद्या टाइलमधून (नकाशावरच्या चौकोनातून) अन्न, शिल्ड (बांधकामाचा माल) किंवा व्यापार यांपैकी काहीही 3 किंवा जास्त निघालं, तर त्यातलं 1 कापलं जातं. गवताळ टाइल मुळातच 2 अन्न देते. पाणी दिलं की 3 होतात, 1 कापलं जातं, हातात पुन्हा 2 च. माळाची टाइल 1 अन्न, 1 शिल्ड देते. तिला पाणी दिलं की अन्न 2 होतं आणि कात्री लागत नाही. म्हणून पाणी माळाला आणि गवताळ रानाला नुसता रस्ता. रस्त्यानं टाइलला 1 व्यापार मिळतो, शिवाय मागून येणारा सेटलर लवकर पोचतो. टेकडीवरच्या खाणीचे 3 शिल्डही हाती 2 च येतात, पण तिथं आधी शून्य होतं, त्यामुळे खाण परवडते.

याला एकच अपवाद. पाणी आणायला लगतच्या टाइलवर नदी, समुद्र किंवा आधी भिजवलेलं रान लागतं. (समुद्राचं खारं पाणीसुद्धा चालतं! आमच्याकडं कुणी त्यावर ऊस काढून दाखवावा.) लांबच्या माळापर्यंत पाणी न्यायला मधली गवताळ टाइल आड येत असेल, तर ती भिजवणं भागच आहे. मोनार्की (राजेशाही) आल्यावर त्या टाइलचे 3 पुरे मिळतात.

मोनार्कीला अल्फाबेट, कोड ऑफ लॉज आणि सेरेमोनियल बरियल हे तीन शोध आधी लागतात. त्याआधी दुसरीकडं फाटे फोडू नयेत. राज्यपद्धत बदलताना मध्ये अराजकाचे टर्न (खेळातले डाव) जातात, त्या काळात संशोधन बंद. तरीही लवकर उरकलेलं बरं, कारण शहरं वाढतील तशी ती कात्री जास्त टाइलना लागते.

आता पोटाचा हिशेब. शहर 1 डोक्याचं असताना मधली टाइल 2 अन्न देते, राबणारी टाइल 2, आणि माणूस खातो 2. शिल्लक 2. अन्नाची पेटी 20 ची, म्हणजे दुसरं डोकं यायला 10 टर्न. सेटलर 40 शिल्डचा, आणि बाहेर पडताना शहरातलं एक डोकं घेऊन जातो. वर जोवर तो शहर वसवत नाही, तोवर घरचंच 1 अन्न खातो, रिपब्लिकमध्ये (प्रजासत्ताकात) 2. दोन सेटलर रस्ते करत फिरत राहिले की वरच्या शहराची शिल्लक शून्य. मग शहर वाढत का नाही, असं विचारण्यात अर्थ नाही.

शहरं किती अंतरावर वसवायची यावर नवे खेळाडू फार घासाघीस करतात. शहराच्या ताब्यात 21 टाइल असतात हे खरं, पण अॅक्विडक्ट (शहराला पाणी आणणारा कालवा) नसेल तर शहर 8 डोक्यांच्या वर जात नाही, म्हणजे बराच काळ बाहेरच्या 8 टाइलच राबतात. उरलेल्या ओसाड. त्यामुळे कोल्हापुरात शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ आहेत तशी शहरं खेटून वसवावीत. संख्या वाढते आणि एकमेकांच्या मदतीला फौजही लवकर पोचते.

किंग या अवघडपणाच्या पातळीवर तिसऱ्यानंतरचं प्रत्येक डोकं नाराजच जन्मतं. लगेच देऊळ परवडत नसेल तर 10 शिल्डचा वॉरियर शहरात बसवावा. डेस्पॉटिझम आणि मोनार्कीत एक शिपाई एका नाराजाला गप्प करतो, जास्तीत जास्त तिघांपर्यंत.

पैसे देऊन बांधकाम उरकताना शिल्डची पेटी रिकामी असेल तर भाव दुप्पट लागतो. एक टर्न थांबावं, थोडे शिल्ड पडू द्यावेत, मग खरेदी. आणि इमारतीसाठी साठवलेले शिल्ड युनिटकडं (फौज, सेटलर वगैरे) किंवा वंडरकडं (पिरॅमिडसारख्या महान वास्तूकडं) वळवले की निम्मे जातात. यातून वाट म्हणजे कॅरव्हॅन, व्यापाऱ्यांचा तांडा. 50 शिल्डचा एक, आणि वंडरमध्ये पुरे 50 मोजला जातो. पिरॅमिड 200 चे, म्हणजे चार कॅरव्हॅन वेशीत उभे ठेवले की एका टर्नात काम फत्ते. मात्र कॅरव्हॅनसाठी ट्रेडचा शोध हवा.

1991 च्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये नदीकाठच्या शहराला पूरही यायचा, माणसं घटायची, आणि तो अडवायला शहराला कोट बांधायचा! 2019 आणि 2021 ची पंचगंगा बघितलेल्यांनी यावर काय बोलावं.

1996 ची मूळ 'सिव्हिलायझेशन 2' 16 बिटची, 64 बिट विंडोजवर ती थेट चालत नाही. फुकटात तोच खेळ हवा तर फ्रीसिव्ह आहे, डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये सुरू केलेला. खेळ सुरू करताना त्यात नियमसंच 'सिव्ह2' निवडावा. आपोआप येणारा 'सिव्ह2सिव्ह3' ठेवला तर वरचे सगळे आकडे जुळणार नाहीत.