सॅटेलाइट इंटरनेट घ्यावं का नको, माझं गाडं ओटीपीवर अडलं

आमचं गाव भूम तालुक्यात, धाराशिव जिल्हा. गावात माझं सेवा केंद्र आहे, म्हणजे सातबारा, पीकविमा, ई-केवायसी, फार्मर आयडी, जे काय ऑनलाइन असंल ते सगळं. फायबर आहे, पण रस्त्याचं काम निघाल्यापासून जेसीबी आला की केबल तुटली हे ठरल्यालं. जुलैत विम्याची ३१ तारीख तोंडावर आणि राऊटरवर तीन दिवस लाल दिवा, ओट्यावर तीस-पस्तीस माणसं बसल्याली, फोन केला की "काम चालू आहे सर" एवढंच. तवाच डोक्यात बसलं की आता डायरेक्ट आभाळातूनच घ्यायचं.

स्टारलिंकला, म्हणजे इलॉन मस्कच्या सॅटेलाइट इंटरनेटवाल्या कंपनीला, जून २०२५ मधे भारतात लायसन मिळालं होतं, नोव्हेंबरात राज्य सरकारनं त्यांच्यासंगं इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि चक्क आमचं धाराशिव. म्हणलं आलीच डिश. नंतर नीट वाचलं तर त्यात जोर सरकारी ऑफिसं आणि दुर्गम भागावर, माझ्यासारख्याला कनेक्शन कधी आन केवढ्याला ते कुठंच नाही. डिसेंबरात वेबसाइटवर महिना ८,६०० आणि डिशचे ३४,००० असे आकडे दिसले, मी लगेच बायकोला दाखवले, ती म्हणली एवढ्यात दुभती म्हैस धरा. मग कंपनीनंच सांगितलं की ते टेस्टिंगचे आकडे चुकून दिसले, खरे नाहीत. म्हैसही राहिली.

माझा पहिला गैरसमज असा होता की हे टीव्हीच्या छत्रीसारखंच असतंय, एकदा तोंड फिरवून नट आवळले की झालं. तसं नाही. टीव्हीचा उपग्रह ३६,००० किलोमीटरवर एका जागी थांबल्याला दिसतो, बँकांत जी जुनी व्हीसॅटची डिश असती तीही तसल्याच उपग्रहावर, म्हणून तिथं बटन दाबलं की जाऊन येऊन अर्धा सेकंद जातोच. हे नवे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आणि सारखे पळत असतात, जवळ म्हणून उशीर कमी लागतो, पण एक गेला की दुसरा धरायचा, म्हणून डिशला वर बक्कळ मोकळं आभाळ लागतं. आमच्या स्लॅबवर अर्ध्यात कडुलिंब. तो तोडायचा विषय घरात काढूनच बघा.

दुसरं लाइट. डिश ७५ ते १०० वॅट खाती, फायबरचा राऊटर दहा-पंधरा. माझी बॅटरी १५० एएचची, कागदावर १,८०० वॅट-तास, हातात पडतात चौदाशेच्या आसपास. लाइट आठ तास गेली तर ६००-८०० एकटी डिशच खाणार, मग लॅपटॉप, प्रिंटर आणि पंखा कशावर.

पण खरं गाडं अडलं ते ओटीपीवर, आणि हे मला कुणी सांगितलं नाही, आप्पांच्या ई-केवायसीच्या दिवशी कळलं. त्या दिवशी फायबर झक्कास चालू होतं, पण गावची लाइट सकाळपासून गेल्याली, टॉवरची बॅटरी बसली, रेंजच नाही. मी आधार नंबर टाकून बसलोय आणि आप्पांच्या किपॅड फोनवर ओटीपी येईना. शेवटी त्यांना पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर पाठवलं, तिथं पल्याडच्या गावच्या टॉवरची एखादी कांडी येती. आप्पा तिसऱ्या पायरीवर फोन डोक्यावर धरून उभे, नातू खालून ओरडतोय, "आजा, वाच की!" आणि त्यांना चष्म्याशिवाय आकडे दिसंनात. शेवटी नातूच वर गेला, तवर ओटीपीची वेळ संपली, परत पाठवला.

आता सांगा, आभाळातून कितीबी नेट आणलं तरी आप्पांचा एसएमएस येणार टॉवरवरूनच. माझ्या फोनवर वायफाय कॉलिंग चालतं, पण आप्पांच्या साध्या किपॅडला वायफायच नाही. अंगठा लावून भागतं तिथं भागतं, मात्र शेतात राबून रेषा गेल्याल्या बोटांना मशीन ओळखतच नाही, दहातल्या दोघा-तिघांना तरी हाच ताप.

म्हणून सध्या डिश नको ठरवलं. फायबर ठेवलं, जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिमवालं राऊटर घेतलं, अँटेना वीस फुटी जीआय पाइपावर त्या पल्याडच्या टॉवरकडं तोंड करून बांधली. पाइप धरायला दोन पोरं आणि एक चहाची किटली लागली. स्पीड काय लई नाही, पण विम्याचा फॉर्म जातोय. डिशचा खरा रेट आला की परत हिशोब मांडीन. तवर टाकीच्या जिन्यावर एक जुना वाचायचा चष्मा दोरीनं बांधून ठेवलाय.